दौलताबादच्या घाटातली जीप

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. शाळेच्या कुंपणाला टेकून गंज खात उभी आहे. माझ्या सीटमधून काथ्या बाहेर आलाय आणि तिथं एक कोंबडी हक्कानं अंडी घालते. पण एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू!

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. सांडू ड्रायव्हरनं मला चितेगावजवळच्या या गावात आणलं, तेव्हा मनकर्णाबाईंनी माझ्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. त्या सांडूला म्हणाल्या, "हिला जप रं. आता ही गावाची लेक हाय."

मग काय विचारता! पैठण रोडवर मी नुसती भरारायचे. जागा नऊ जणांची, पण सांडू "सरकून घ्या, सरकून घ्या" करत अख्खं गाव कोंबायचा. कमरुन्निसाभाभींची नजमा तर दवाखान्याच्या फाटकाशी माझ्याच सीटवर जन्मली. "ही जीप कधी दगा देत नाय," असं लोक म्हणायचे. ते ऐकून माझा हॉर्न आपोआप वाजेल की काय, असं मला वाटायचं.

पुढं शाळेच्या रस्त्यावर काकासाहेबांनी आपल्या किराणा दुकानाला लागून बिअर शॉपी काढली. परवाना घेऊन, पाटी लावून! बिस्किटं घ्यायला जाणाऱ्या पोरांशेजारी आता बाटल्या उघडू लागल्या. दुकानासमोर टोळकी बसायची आणि मुलींना काहीबाही बोलायची. मनकर्णाबाईंची नात दीपाली आठवीत पहिली आलेली. पण तिचा बाप कारभारी एक दिवस म्हणाला, "शॉपी हटली तर शाळा. नायतर हिच्या लग्नाचं बघतो."

आजी पेटल्याच! त्यांनी दारोदार फिरून बायांच्या सह्या, अंगठे घेतले, तेव्हा कुठं सरकारनं बायांचं मतदान ठेवलं. उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडवीवर मारला तर बंद होणार. मात्र गावातल्या सगळ्या मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. म्हणजे जी बाई येणारच नाही, ती न बोलता शॉपीच्याच बाजूची!

मतदान नेमकं शनिवारी आलं. आदल्या दिवशी सांडू म्हणाला, "मावशी, एवढं मोठं काम, अन् देवाला न सांगता? सकाळीच खुलताबादला भद्रा मारुतीला नारळ फोडू. दुपारी परत येऊन बाटली आडवी पाडू. माझी जीप फुकट!"

देवाला सांगितल्याशिवाय आमच्या बाया पेरणीसुद्धा करत नाहीत. त्या लगेच तयार झाल्या. कमरुन्निसाभाभी म्हणाल्या, "मैं बी आती. दर्ग्यावर चादर चढवते. दोन्हीकडनं जोर लावू!"

दर्शन छान झालं. परतताना दौलताबादच्या घाटात सांडूनं मला बाजूला घेतलं, बॉनेट उघडलं आणि डिझेलची नळी हळूच सैल केली. मित्रांनो, मला काही म्हणजे काहीही झालेलं नव्हतं! तरी तो तोंड पाडून म्हणाला, "डिझेल येईना मावशी. जुनी झाली गाडी, काय करणार?"

"उतरा गं, ढकला!" आजींनी पदर खोचला.

"साळूबाई, जोर लाव की! भाकरी थापती का गाडी ढकलती?"

"तू खाली उतर आधी, मग आपोआप पळंल ती!"

"अगे मां, ये तो हिलती बी नै!"

हसत, घामाघूम होत त्या ढकलत राहिल्या. मी जीव एकवटून धडपडले, खोकले. पण इंजिनात डिझेलच पोचेना, तर मी काय करणार? जाणाऱ्या गाड्यांना आजी हात करत होत्या. एवढ्या बाया घ्यायला कोण थांबतंय? शेवटी एका टेम्पोवाल्याला दया आली. पण त्या गावात पोचल्या, तेव्हा मतदान संपून शाळेचं फाटक लागलेलं होतं.

आडवी बाटली हरली. जेवढी मतं कमी पडली, तेवढ्या बाया माझ्या त्या एका खेपेत बसल्या होत्या.

महिन्याभरात सांडूकडं नवीकोरी गाडी आली. तिच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'काकासाहेबांची कृपा' लिहिलंय. मला त्यानं इथं आणून टाकलं. विचारेल त्याला तो सांगतो, "त्या जीपनं ऐनवेळी दगा दिला."

मी दगा दिला? मी?

दीपाली शाळेत येत नाही. परवा आजी तिचा दाखला न्यायला आल्या होत्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि बॉनेटवर जोरात थाप मारून म्हणाल्या, "लेक म्हणलं व्हतं तुला. नातीचा घात केलास गं!"

मित्रांनो, मला रंग लावू नका, माझ्या सीटसुद्धा शिवू नका. तुमच्याकडून मला एवढंच हवंय. तुम्हाला बोलता येतं ना? मग आज शाळा सुटली की मनकर्णाबाईंच्या घरी जा आणि कारभारी ऐकेल एवढ्या मोठ्यानं सांगा: जीप बंद पडली नव्हती. ती बंद पाडली होती.