ढकला, पण ओढू नका

पंढरी मुकादम म्हणजे शिट्टीचा माणूस. वडपे गावच्या गोडाऊनमध्ये तीस वर्षं हमालांची टोळी सांभाळली आणि गावोगावच्या कबड्डीत पंच म्हणून उभा राहिला. एकदा तर फायनलला सख्ख्या पोराला, भावेशला, रेषेबाहेर पाय गेला म्हणून बाद दिलं. पाय कसला, अंगठा गेला होता, तोही जेमतेम! भावेश आता तिशीचा झाला, त्याच गोडाऊनला सुपरवायझर झाला, तरी कबड्डीचा विषय निघाला की ताट उचलून ओटीवर जातो. पंढरीची बायको कमळा म्हणायची, "यांना पोरगा कशाला पायजे व्हता? पाळण्यात नियमांचं पुस्तक घालून झुलवलं असतं."

यंदा भावेशच्या दोस्ताला, प्रितमला, मोबाइलवर बघून बघून अमेरिकन फुटबॉलचं खूळ लागलं. सव्वीस जानेवारीला मॅच ठरली, वडपे विरुद्ध शेजारचं वळ गाव, गोडाऊनमागच्या भात कापलेल्या शेतात. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडून टोकदार. वळचा कॅप्टन हसन म्हणाला, "पंच पंढरीकाकाच पाहिजेत. पोरगा समोर असला तरी चालेल, ते कुणाचे नाहीत." हे ऐकून म्हातारा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

प्रितमनं चार पानं नियम लिहून दिले. पंढरीनं ते पाठ केले आणि एका ठिकाणी अडला. चेंडू घेऊन पळणारा अडकला, तर त्याच्या गड्यांनी त्याला मागून ढकललेलं चालतं. पण धरून पुढं ओढायचं नाही, उचलायचंही नाही. ओढलं की टीम दहा वार मागं.

"ढकललं तर पुण्य आन् वढलं तर पाप? ह्यो कुठला न्याय?"

"अमेरिकेचा," प्रितम म्हणाला.

आता हे हमालांना कोण समजावणार! कुणी ओझ्याखाली अडकलेला दिसला की हमालाचा हात विचारायला थांबत नाही, आपोआप जातो. पहिल्या दहा मिनिटांतच टोळीतल्या एजाजनं भावेशला दंडाला धरून ओढला. शिट्टी! मग अनंतानं कमरेत हात घालून उचलला. शिट्टी! मग पुन्हा एजाज.

"अरं, हात हायेत का पोत्याचे हूक?" पंढरी ओरडला. बांधावर बसलेल्या बायकांची हसून हसून पोटं दुखली.

शेवटची दोन मिनिटं राहिली. वळ चार गुणांनी पुढं, पण चेंडूसकट शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. भावेशनं चेंडू पोटाशी धरला आणि मुसंडी मारली. रेषा हातभर राहिली असताना हसनच्या चौघांनी त्याला अडवला. मागून वडप्याची अख्खी टोळी ढकलतेय, पुढून वळ रेटतंय आणि मधे भावेश, लालबुंद, एक हात पुढं पसरलेला. पंढरी रेषेवरच उभा होता. तो हात त्याच्यासमोर आला. त्यानं धरला आणि खेचला.

भावेश रेषेपार पडला. वडप्याच्या पोरांनी एकच गिल्ला केला. धुरळ्यात कुणाला काही दिसलं नव्हतं. हात कुणाचा, हे भावेशलाही कळलं नव्हतं. तो मातीत पडल्या पडल्या बापाकडं बघून हसला. असा हसलेला पंढरीनं त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गप्प राहिलं की झालं!

आणि शिट्टी वाजली. "फाऊल. दहा वार मागं."

वडप्याची माणसं अंगावर धावून आली. "कुणी ओढलं? नाव सांगा!" एजाज दोन्ही हात वर करून ओरडला, "काका, अल्ला कसम, या वेळी मी नाय!"

भावेश माती झटकत उठला. "परत तेच ना, बाबा?"

"मी वढला," पंढरी म्हणाला.

हसनच हसायला लागला. "काका, नियम गड्यांसाठी आहे. पंचानं ओढलं तर काय, ते कुठं लिहिलंय? तुम्ही थोडेच त्याच्या टीममध्ये होता?"

भावेशकडं बघायचं पंढरीला धाडस होईना. त्यानं वाकून चेंडू उचलला.

"त्या येळी व्हतो," तो म्हणाला आणि दहा पावलं मागं मोजायला लागला.

पाच-सहा पावलांवर भावेश त्याच्या शेजारी येऊन चालू लागला. "बाबा," तो हळूच म्हणाला, "पावलं तरी जरा बारकी टाका."

"न्हाय," पंढरी म्हणाला. डोळे पुसले आणि पुढचं पाऊल पुरतं टाकलं.