चकली बरी आहे, पैसे परत घ्या

प्रसन्ननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एका रविवारी जाहीर केलं की आपल्याकडे आता एक एजंट कामाला लागणार. मी विचारलं, "जेवायला असणार का? तसा भात वाढवते." तो हसला नाही. बॉल्सब्रिजच्या ज्या ऑफिसात तो जातो, तिथे एआयवर विनोद करायला बंदी असावी.

"अगं, सॉफ्टवेअर आहे ते. तुझ्या ग्राहकांचे मेसेज वाचेल, उत्तरं देईल, पैसे भरायची लिंक पाठवेल, वेळ पडली तर पैसे परतही करेल. तू फक्त तळायचं."

तू फक्त तळायचं! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आयर्लंडातल्या ल्यूकन गावच्या या स्वयंपाकघरातून मी तीन वर्षं चकल्या, चिवडा, पुरणपोळ्या विकतेय. मेसेजना उत्तरं मीच देत होते, पोळी उलटता उलटता. कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका. नऊ वर्षांपूर्वी आयर्लंडला आले तेव्हा मी कागदोपत्री 'डिपेंडंट' होते. घराचा करार प्रसन्नच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, दवाखान्यातली बाईसुद्धा मला त्याच्या आडनावाखाली शोधायची. नागपूरला सात वर्षं बँकेत काउंटर सांभाळलेली मी, इथे येऊन नवऱ्याची पुरवणी झाले. मग हा धंदा काढला. आरोग्य खात्याची बाई फ्रिजमध्ये थर्मामीटर घालून गेली, आणि पेमेंटच्या कंपनीनं खातं उघडून पत्र पाठवलं. पत्रावर नाव उल्का. नुसतं उल्का, कुणाची कोण ते नाही. ते पत्र मी फ्रिजवर लावलंय, आता त्यावर तेलाचे डाग पडलेत.

आणि यंदा त्याच खात्यावर इथल्या मराठी मंडळाची ऑर्डर यायची होती. गणपतीचे पाचशे एक उकडीचे मोदक. गेली पाच वर्षं ते ब्लँचर्डस्टाउनच्या एका हॉटेलातून यायचे, आणि त्यांच्या पाकळ्या मोजायला गेलं तर मोदकाऐवजी आपलीच कीव यायची. यंदा मंडळाची सेक्रेटरी पूर्णिमा म्हणाली, "तू करशील? लिंक पाठव, आगाऊ पैसे भरते." मला त्या रात्री झोप लागली नव्हती, आनंदानं.

तर, प्रसन्न लॅपटॉप घेऊन बसला आणि मी पुरण वाटत होते.

"याला परवानग्या किती द्यायच्या?" मी विचारलं.

"सगळ्या. अर्धवट विश्वास ठेवला तर ते शिकणार कसं?"

मी गाडी शिकत होते तेव्हा हे वाक्य कुठे होतं कोण जाणे.

"ग्राहक नाराज दिसला की माफी मागायची आणि पैसे परत करायचे, असं सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "कस्टमर फर्स्ट. आता तुझ्या फोनवर एक कोड येईल, तो सांग."

माझे हात पुरणानं माखलेले. फोन ओट्यावर पडला होता. वाकून बघितलं आणि सहा आकडे वाचून दाखवले. कशाचा कोड, हे विचारलं नाही. बँकेत सात वर्षं लोकांना 'कोड कुणाला सांगू नका' म्हणून बजावणारी मी!

दर शुक्रवारी प्रसन्न मला एक आलेख दाखवायचा. ग्राहकांचं समाधान शंभर टक्के. "बघ," म्हणायचा, जसं काही चकल्या त्यानंच पाडल्या होत्या. मी म्हणायचे, "वा." मला खरंच वाटायचं की झालं आपलं भलं.

गणपतीला चार दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी पूर्णिमाचा फोन आला. आवाज चमत्कारिक. "उल्का, लिंक चालत नाहीये ग. आणि खरं सांगू का, बाबा म्हणतात की तुला यंदा झेपणार नसेल तर आत्ताच सांग. हॉटेलवाल्याला विचारून ठेवते."

मला काही कळेना. मेल उघडून बघते तर पेमेंट कंपनीचं पत्र: खात्यातून परत जाणाऱ्या पैशांचं प्रमाण संशयास्पद असल्यामुळे खातं गोठवण्यात आलं आहे. एजंटचे मेसेज मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. अगं बाई ग!

पूर्णिमाचे वडील राजाभाऊ दर उन्हाळ्यात कोथरूडहून लेकीकडे येतात. त्यांनी लिहिलं होतं, "चकली बरी आहे. ओवा घालताना हात आखडलेला दिसतो." आता राजाभाऊंच्या तोंडून 'बरी' म्हणजे काय, हे त्यांच्या बायकोला विचारा. तिला चाळीस वर्षांत दोनदा मिळालंय. एजंटनं त्यावर लिहिलं होतं, "आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमस्व आहोत. आपले पैसे परत केले आहेत."

पूर्णिमानं लिहिलं होतं, "एवढ्या पोळ्या कशाला दिल्यास ग!" तिला जास्तीच्या पोळ्यांच्या त्रासाबद्दल माफी आणि पैसे परत. कुणी लिहिलं, "चिवडा संपला पण, आता काय करायचं?" माफी, पैसे परत. शेजारची ब्रीडा, साठीची आयरिश बाई, माझी पुरणपोळी खाऊन लिहिते, "नॉट द वर्स्ट." इकडच्या माणसाला याहून मोठं कौतुक करता येत नाही. या बाबतीत हे लोक थेट आपल्यातले. तिलाही माफी, पैसे परत. तीन आठवड्यांत माझं मनापासून कौतुक करणाऱ्या एकूण एक माणसाला त्यानं पैसे परत केले होते. कौतुक न करणाऱ्यांकडून मात्र रीतसर घेतले होते.

मी पेमेंट कंपनीला फोन लावला. बाईचा आवाज गोड होता.

"हे माझं खातं आहे," मी म्हणाले. "गोठवलंय. सुरू करा."

तिनं नाव, जन्मतारीख विचारली. मग थोडा वेळ टकटक. "माफ करा, याबद्दल मला खातेमालकाशीच बोलावं लागेल."

"मीच मालक."

"नाही, आमच्याकडे तीन नोंदी दिसतात. मालक, मिस्टर प्रसन्न. व्यवस्थापक, एआय एजंट. आणि तुम्ही मदतनीस आहात."

मी फ्रिजवरच्या पत्राकडे बघत उभी राहिले. मदतनीस! माझ्या चकल्या, माझं पुरण, माझे भाजलेले हात, आणि मी मदतनीस. तीही एका बोलघेवड्या सॉफ्टवेअरच्या हाताखाली, ज्याला चकली आणि खडू यांतला फरक कळत नाही. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हमसून आलं.

प्रसन्नला फोन केला. "अगं, ते फक्त तांत्रिक आहे," तो म्हणाला. "एजंट जोडायला मालकाचे हक्क लागत होते. तुला विचारलं होतं की, तू कोड दिलास."

"घरी ये," मी म्हणाले.

"मीटिंग आहे."

"ती तुझ्या एजंटला करू दे. तू घरी ये."

तो यायच्या आधी दाराची बेल वाजली. राजाभाऊ. डोक्याला माकडटोपी, हातात पाकीट, चेहरा लाल. आत आले आणि पाकीट टेबलावर आपटलं.

"हे तुझे पैसे. मला परत पाठवतेस? मी काय भीक मागितली होती?"

"काका, ते मी नाही—"

"ओवा कमी आहे म्हटलं. अगं, नावं कुणाला ठेवतात? आपल्या माणसाला. पैसे मोजून खाल्लं, म्हणून हक्कानं बोललो. तू पैसे परत करून माझा बोलायचा हक्कच काढून घेतलास! वर माफी. मी पूर्णिमाला म्हटलं, ही पोरगी एवढ्यातेवढ्यावर माफी मागायला लागली, म्हणजे हिचा हात गेला. मोदक काय वळणार?"

मग मी सगळं सांगितलं. एजंट, कोड, मदतनीस, सगळं. राजाभाऊ ऐकता ऐकता खुर्चीत बसले. मी चकलीचा डबा पुढे केला. त्यांनी दोन चकल्या संपवल्या.

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा," ते शेवटी म्हणाले, "आणि नागोबाच्या डोक्यावर यंत्र."

प्रसन्न आला तो बसमधून उतरून थेट, लॅपटॉपची बॅग खांद्यावरच. राजाभाऊंना बघून त्यानं आवाज मऊ केला. "काका, बघा ना, मी हिचं काम सोपं करायला गेलो..."

"मालक तुम्हीच ना?" राजाभाऊ म्हणाले. "मग बसा. पाचशे एक मोदकांची उकड काढायला घ्या."

प्रसन्ननं माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते माझे, ते त्याला आत्ता दिसले. "सॉरी," तो म्हणाला. हे मात्र माणसानं म्हटलं होतं, एवढं कळलं. पण मी पैसे परत करणाऱ्यांतली नव्हते.

कंपनीचा नंबर लावून फोन टेबलावर ठेवला, स्पीकरवर. तीच गोड आवाजाची बाई. प्रसन्ननं आपली ओळख पटवली, एजंट काढून टाकायला सांगितलं आणि खातं मला परत द्यायचंय म्हणाला.

"तुमच्या फोनवर एक कोड येईल," ती म्हणाली.

"तो सांग," मी म्हणाले.

त्यानं सहा आकडे वाचले, एकेक करून. बाईनं माझं नाव उच्चारलं, चुकीचं, पण मालक म्हणून. खातं संध्याकाळपर्यंत सुरू होईल म्हणाली. राजाभाऊंनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला, "हॉटेलवाल्याला नको सांगू. मोदक इथेच होतायत. पाकळ्या मी येऊन मोजीन."

"आणि मिस्टर प्रसन्न?" बाईनं विचारलं. "त्यांना काढू, की खात्यावर ठेवू?"

प्रसन्न टेबलाच्या कडेला नख लावत उभा होता.

"ठेवा," मी म्हणाले. "डिपेंडंट असा काही पर्याय आहे का?"

"तसा नाही." टकटक झाली. "पण एक आहे, सगळं नुसतं बघता येतं, हात कशालाच लावता येत नाही."

"तोच लिहा," मी म्हणाले. "सवय होते त्याची. मला सहा वर्षं होती."