सतरा एप्रिलचा शिक्का

"मेमे, ही तुमची," म्हणत हिल्केने बाटली माझ्या शिवणयंत्राशेजारी ठेवली आणि मला मिठीच मारली. "रात्रभर झोप नाही. डोळे मिटले की खालची जमीन गरगर फिरायला लागायची."

आमच्या उड्या मारणाऱ्यांत ही रीत आहे. हवेत मुख्य पॅराशूटने दगा दिला आणि राखीवने जीव वाचवला, तर ज्याने ते राखीव बांधलं त्याला बाटली द्यायची. एकोणीस वर्षांत मला अशा नऊ मिळाल्या. मी स्वतः पीत नाही. उत्तरेत माझे मेहुणे आहेत, ते माझ्या वतीने पितात. पण बाटली हातात घेताना जे वाटतं ते न पिताही चढतं, हे कशाला नाकारू?

बाहेर धुकं होतं. आमच्याकडे समुद्रावरून येतं आणि अकरापर्यंत हलत नाही. हीरोज डेची जोडून सुट्टी, त्यामुळे राजधानी विंडहूकहून तीसेक माणसं उड्या मारायला आलेली, आणि विमान आपलं गप्प उभं. सगळे हँगरमध्ये तळलेल्या पिठाचे वेटकूक आणि कॉफी घेऊन थापा मारत बसले होते.

"हिल्के, काल उतरल्यावर काय म्हणालीस?" दारातून गोवासेबने विचारलं. हा आमचा वैमानिक; मला मानाने मेमे म्हणतात, तसं त्याला ताते. उडायला मिळालं नाही की माणसांना छळतो.

"म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा मुख्य पॅराशूट तोडून टाकावं लागलं."

"ऐकलंत? पहिल्यांदा म्हणाली. जो पहिल्यांदा म्हणेल त्याने सगळ्यांना एक क्रेट बिअर पाजायची."

"ताते, मी मरता मरता वाचले."

"मग दोन क्रेट. मेली असतीस तर कुणी मागितली असती?"

सगळे हसले. मीही हसले. हसत हसतच मी तिच्या पॅराशूटच्या खिशातलं कार्ड काढलं. उघडलेलं राखीव पुन्हा बांधायचं तर आधी जुनी नोंद बघावी लागते.

शेवटची नोंद सतरा एप्रिलची होती. खाली माझं नाव, माझी सही, माझ्या शिक्क्याचा नंबर.

सतरा एप्रिलला मी आईला पुरत होते.

तारीख वाचण्यात चूक होत असेल, असं मी क्षणभर स्वतःला समजावलं. पण ती तारीख मी कशी चुकेन? उत्तरेत ओंदांगवाच्या पुढे आमचं गाव. त्या दिवशी उन्हात उभं राहून मी मूठभर वाळू खड्ड्यात टाकली, आणि घरी येऊन हात धुतले तरी नखांत ती राहिलीच. अकरा दिवस मी तिकडे होते.

राखीव पॅराशूट दर सहा महिन्यांनी उघडायचं असतं. एकेक दोरी, एकेक शिवण तपासायची, पुन्हा घडी घालायची, पिनेला लाल दोरा बांधायचा आणि दोऱ्यावर शिशाचा मणी पकडीने दाबायचा. मण्यावर बांधणाऱ्याचा शिक्का उमटतो. तो बघून माणूस विमानाच्या दारात उभा राहतो. माझी पक्कड कपाटात कुलूप लावून ठेवलेली असते. दुसरी किल्ली फक्त यूरीकडे.

"काय झालं, मेमे?" हिल्केने विचारलं.

"काही नाही. चष्मा घेऊन येते."

चष्मा माझ्या डोक्यावरच होता.

यूरी फान वेक हे मैदान चालवतो. बावीस वर्षांपूर्वी मी इथे झाडू मारायला लागले तेव्हा तोच म्हणाला होता, "इतकं नीट झाडतेस, तर पॅराशूटची घडीही घालशील." त्याने शिकवलं. त्याने मला पहिल्यांदा वर नेलं आणि दारात माझा हात धरून म्हणाला, "नको वाटत असेल तर परत फिरू, कुणी हसणार नाही." परवान्याची परीक्षा द्यायला त्यानेच पाठवलं. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला. आमच्या गावात गोऱ्या माणसाला घरचं म्हणायची पद्धत नाही. माझी आई त्याला म्हणायची.

तो कचेरीत उड्यांची यादी लावत बसला होता. "हाफा, अकराला उठेल बघ धुकं," मान वर न करता म्हणाला.

मी कार्ड त्याच्यापुढे धरलं. त्याने बघितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"किती?" मी विचारलं.

"सहा."

"उघडलंस का एक तरी?"

"वेळ कुठे होता? उड्यांचा मेळा तोंडावर, साठ माणसं येणार, आणि नेमकी त्याच आठवड्यात मुदत संपत होती. तू तिकडे आईपाशी. तुला फोन करून काय सांगणार होतो, की रडणं थांबव आणि ये?"

"म्हणून जुना दोरा तोडून नवा बांधलास आणि वर माझा शिक्का दाबलास."

"आत घडी तुझीच होती ना? ऑक्टोबरमध्ये तूच घातलेली. काल हिल्के वाचली ती तुझ्याच हातांनी. घडी तुझी, शिक्का तुझा. बरं, सही तेवढी माझी. खोटं काय आहे त्यात?"

"तारीख," मी म्हणाले.

त्याने पेन खाली ठेवलं. "हे बघ, दोन दिवस कळ काढ. सोमवारी ही मंडळी गेली की दोघं बसू आणि सगळी बांधून टाकू. कुणाला कळायचंही नाही. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हाफा."

ते खरं होतं. आणि खरं सांगायचं तर मी हो म्हणणार होते. उगीच खोटा ताठा कशाला दाखवू? बावीस वर्षं एका पारड्यात आणि दोन दिवस दुसऱ्या. माणूस वाचलेला, घडी माझीच. दारापर्यंत जाताना मी मनात त्याची बाजू त्याच्यापेक्षाही चांगली मांडली.

खोलीत येऊन मी ती सहा कुणाची ते बघायला वही उघडली. त्या आठवड्यात मुदत संपणारी सात होती. सातवं यूरीचं स्वतःचं. मी उठून त्याचं पॅराशूट खुंटीवरून काढलं आणि कार्ड बघितलं. एकोणतीस एप्रिल. सही माझी, खरी.

मग आठवलं. गावाहून परतले त्या दिवशी त्याने मला जवळ घेतलं होतं. "मेळ्यात मी एकही उडी मारली नाही," म्हणाला होता. "गुडघा दुखतो म्हणून सांगितलं लोकांना. तुझ्या हातचं बांधलेलं असल्याशिवाय मी वर जात नाही, ठाऊक आहे ना तुला?" मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. आई गेल्यावर अकरा दिवसांत रडले नव्हते तेवढी. नंतर गावी फोन करून बहिणीलाही सांगितलं, बघ, आपला यूरी कसा आहे.

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. न उघडलेलं राखीव पाठीवर घेऊन वर जायचं नाही, हे त्याने स्वतःपुरतं नीट पाळलं. बाकी सहांच्या पाठीवर माझं नाव बांधलं आणि त्यांना वर पाठवलं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. रागापेक्षा लाजच जास्त होती, की मी त्याच रडण्याच्या जोरावर चार महिने सुखात होते.

साडेदहाला धुकं पातळ व्हायला लागलं. लोक बूट बांधू लागले. मी हँगरच्या मध्यभागी उभी राहिले आणि सहा नावं वाचली.

"तुमची राखीवं आज वर जाणार नाहीत. शिक्का माझा आहे, पण मी ती बांधलेली नाहीत. गेल्या ऑक्टोबरपासून कुणी उघडलेलीच नाहीत."

हिल्के उभी होती ती खाली बसली. "म्हणजे काल माझं..."

"तुझंही. त्याच्यात दहा महिन्यांपूर्वीची माझी घडी होती. बाकी नशीब."

"पण मग शिक्का मारला कुणी?" विंडहूकच्या एका उंच माणसाने विचारलं. दंतवैद्य आहे, दरवर्षी येतो.

मी यूरीकडे बघितलं नाही. त्यानेच सांगावं अशी माझी इच्छा होती. बोलायला त्याला पुरेसा वेळ मिळाला. कॉफीच्या भांड्यापाशी उभा राहून तो कपात बघत राहिला.

"दुसरी किल्ली कुणाकडे असते ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे," शेवटी गोवासेब म्हणाला, आणि बाहेर जाऊन त्याने इंजिनावर पुन्हा कापड चढवलं.

मला वाटलं होतं संपलं. पण दंतवैद्य माझ्याकडेच वळला. "मेमे, एक विचारू? तुमची पक्कड दुसऱ्याच्या हातात जाते, तर बाकीच्यांवरचा शिक्का तरी खरा कशावरून?"

"मी वहीत बघितलंय. बाकीची सगळी मीच बांधलीत."

"सहीसुद्धा तुमचीच होती ना, त्या सहांवर?"

किल्ली मीच दिली होती. मैत्रीत दिली होती, पण दिली होती.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "माझा शिक्का असलेलं एकही आज वर जाणार नाही. उद्याही नाही. मी विंडहूकच्या परवाना कचेरीला पक्कड आणि परवाना पाठवून देते. ते काय ठरवायचं ते ठरवतील."

तेवीस पॅराशूट होती. जवळजवळ सगळीच. कुणीतरी पुटपुटलं, साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवून आलो ते वेटकूक खायला का? कुणी म्हणालं, ही बाई आज बोलली नसती तर काय बिघडलं असतं? यूरीला कुणी काही बोललं नाही. मला मात्र बरंच ऐकावं लागलं. दुपारपर्यंत निम्म्या गाड्या निघून गेल्या. हिल्के जाताना माझ्या खोलीत आली, बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात दाबून गेली.

हिल्केचं सोडून उरलेली पाच मी उघडायला घेतली. चौथ्यात पिन जिच्या फासात अडकते ती बंददोरी निम्मी झिजलेली निघाली. दर वेळी मी ती नवी घालते. ती विमानाच्या दारात तुटली असती तर राखीव आपोआप उघडून विमानाच्या शेपटाला अडकलं असतं, आणि मग गोवासेबसकट सगळेच खाली आले असते. ती दोरी मी कापून पाकिटात घातली, वर त्या माणसाचं नाव लिहिलं.

तेवढ्यात यूरी दारात आला. खांद्यावर त्याचं पॅराशूट.

"बाकीचं ठीक आहे, हाफा," तो म्हणाला. "चुकलो मी. विंडहूकला लिहिशील त्या पत्रात माझं नाव घाल, मी नाही म्हणणार नाही. पण हे तर खरं आहे. हे तूच बांधलंयस. हे तरी राहू दे."

"ठेव टेबलावर."

त्याने ठेवलं. त्याला वाटलं असावं मी कार्ड बघेन. मी कात्री घेतली.

"हाफा, हे तू बांधलंयस," तो पुन्हा म्हणाला.

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला कसं कळणार?"

मी लाल दोरा कापला. मणी टेबलावरून घरंगळून कुठेतरी खाली गेला, आम्ही दोघांनीही तो शोधला नाही. पिन ओढल्याबरोबर स्प्रिंगने आतलं छोटं पॅराशूट बाहेर फेकलं आणि ते यूरीच्या बुटांपाशी जाऊन पडलं. त्याने वाकून ते उचललं, वरची धूळ हाताने झटकली आणि माझ्यासमोर ठेवलं.

आतली घडी चोख होती. चार महिन्यांत एक पदरही हलला नव्हता. मी ती थोडा वेळ बघितली, मग दोन्ही हातांनी मोडली.