मागल्या खोलीतली देवी

चांद्याला लच्छूशेठच्या घराची मागची खोली ओळीने तीन वर्षे तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी भाड्याने घेतली. तिघांनीही वर्षाचे भाडे आधी भरले. तिघांचेही चेहरे थंडीच्या दिवसांत सुजले, आणि तिघांपैकी एकालाही त्या खोलीत होळी पाहता आली नाही. त्याच घराच्या पुढच्या ओसरीवर झोपणाऱ्या कुणालाही कधी काही झाले नाही.

चौथ्या वर्षी ती खोली इस्तारीने घेतली, आणि ती मुद्दाम घेतली.

त्या काळी चांद्याला कॉलेज नुकतेच निघाले होते, वसतिगृह निघायचे होते. वैनगंगेकाठच्या आणि गोंडपिपरीकडच्या पोरांना शहरात खोली शोधावी लागे आणि खोलीआधी जात सांगावी लागे. लच्छूशेठ जात ऐकून घेई, नकार देत नसे, फक्त भाडे दुप्पट सांगे. भाडे धानात आणि आषाढातच द्यायचे. मध्येच सोडून जाणाऱ्याला दाणाही परत मिळत नसे. दुसरी अट मधल्या दाराची होती. त्या दारापलीकडचे अंगण घरच्या माणसांचे, तिकडे भाडेकरूने पाऊल टाकायचे नाही. शेठचा धंदा जंगलातल्या मालाचा होता, मोह, हिरडा, लाख, बिबा, डिंक. विद्यार्थी गेला की त्या खोलीत मोहाच्या थैल्या रचल्या जात. थैल्यांना सूज येत नाही. एका खोलीची वर्षात दोन भाडी अशी निघत.

तिघांपैकी दुसरा भाडेकरू इस्तारीचा थोरला भाऊ पत्रू होता. वडशाजवळच्या त्यांच्या गावात ढिवरांच्या घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. तलावातल्या मासेमारीचा घरचा वाटा गहाण टाकून त्याची फी भरली होती, आणि खोलीसाठी घरातले बियाण्याचे धानसुद्धा मोजून दिले होते. पौषात तो चांदा फोर्टाच्या छोट्या गाडीने परत आला तेव्हा त्याच्या आईने, गुणाबाईने, वडशाच्या फलाटावर त्याला ओळखले नाही. चेहऱ्याची सूज महिन्याने उतरली. डाव्या डोळ्यावर पडलेला पांढरा पडदा उतरला नाही. परीक्षा गेली, धान गेले, आणि पत्रू बांबू तोडणाऱ्यांच्या टोळीत सामील झाला.

हे सगळे इस्तारीने सोसले असते. पत्रू निघताना लच्छूशेठ जे बोलला ते मात्र त्याने सोसले नाही. ओसरीवर चार माणसे बसलेली असताना शेठ म्हणाला होता, "त्या खोलीत देवीचं ठाणं आहे. मासे खाणाऱ्याले ते ओळखते. ढिवराच्या पोरानं जाळं पाहावं, पुस्तक काऊन पाहावं?"

पत्रूच्या आधी गोंडपिपरीच्या कुणब्याचा मुलगा सुजला तेव्हा शेठने त्याच ओसरीवर सांगितले होते की पोरगा आंघोळ न करता पोथी ठेवलेल्या फळीखाली झोपला. पत्रूनंतरचा तिसरा विद्यार्थी माळकरी होता. त्याच्या वेळी कारण पायताणाचे निघाले. देवीची कारणे दरवर्षी बदलत होती, येण्याची वेळ मात्र बदलत नव्हती. ज्याची वेळ ठरलेली असते त्याचे कारणही ठरलेले असते, एवढे इस्तारीला शाळेतल्या विज्ञानाने आधीच शिकवले होते.

त्याच्या खोलीचे धान पत्रूने बांबूच्या मजुरीतून विकत घेऊन दिले होते. गाडीत बसवताना पत्रू एवढेच म्हणाला, "बाबू, दुसऱ्या खेपेचं धान आपल्या घरी नाई. टिकशील तं शिकशील."

"मी टिकासाठीच नाई चाल्लो," इस्तारी म्हणाला.

"मंग?"

"त्याले सुजवासाठी चाल्लो."

पत्रू हसला नाही. त्याने चांगला डोळा धाकट्यावरून फिरवला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची सळई धरून उभा राहिला.

पावसाळा आणि दसरा-दिवाळी सुखात गेली. कार्तिकाच्या अखेरीस थंडी पडली आणि एका सकाळी इस्तारीच्या पापण्या जड झाल्या. दोन दिवसांत गाल तट्ट फुगले, कानांच्या पाळ्यांना पाणी धरले. लच्छूशेठ मधल्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती सवयीची होती.

"आली माय," तो म्हणाला. "आता जागा बदलू नको. माय आलेल्या माणसानं अंथरूण हलवू नाई. पंधरा दिवस इथंच पडून राहा, मंग गावी जा."

माय आली की रोग्याला हलवायचे नाही, हा नेम सगळ्या मुलखात पाळत, आणि आधीच्या तिघांनी तो पाळला होता. पत्रूने तर तीन आठवडे पाळला होता. इस्तारीने त्याच रात्री अंथरूण उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेले. सूज थोडी कमी झाली. तो परत पहिल्या जागी झोपला, सूज वाढली. त्या जागेच्या वर, आढ्यालगत, हातभर रुंदीचा एक झरोका होता. तो अंगणाकडे उघडत असे. इस्तारीने ओल्या फडक्याचा बोळा करून झरोक्यात कोंबला आणि त्याच्या खालीच झोपत राहिला. जागा तीच, पांघरूण तेच, पाणी तेच, बदल फक्त बोळ्याचा. सूज उतरू लागली.

मग त्याने तो बोळा काढून पाहिला आणि झरोक्यात दुसरा बसवला. अंगणाकडच्या बाजूला काजळी धरली होती. तिच्यात खोबरेल तेल कालवून त्याने स्वतःच्या उजव्या दंडावर पैशाएवढा ठिपका लावला आणि डाव्या दंडावर आपल्या कंदिलाची काजळी तशीच लावली. दुसऱ्या दिवशी डावा दंड धुतल्यावर स्वच्छ निघाला. उजव्यावर फोड उठले होते. देवी धुरातून येत होती. तो धूर कशाचा, हे मधल्या दारापलीकडे होते.

दारापलीकडे जाणे अशक्य नव्हते. पण शेठने चोरीचा आळ घेऊन हाकलले असते तर धान आणि वर्ष दोन्ही गेली असती. शिवाय आता त्याला नुसते कारण नको होते. धूर ज्या नाकात जायला हवा त्या नाकात तो गेलेला त्याला पाहायचा होता.

बाजाराच्या दिवशी ओसरी भरलेली असे. शेजारचा कापडवाला सोमाजी पान लावत बसला होता. इस्तारी चेहऱ्यावर उरलेली सूज घेऊन पुढे आला.

"शेटजी, मी खोली सोडून देतो," तो म्हणाला.

"माय कोणाले अडवत नाई," शेठ म्हणाला. "धान मात्र..."

"धानाचं मी म्हणलोच नाई. पण वडशापासून चांद्यापर्यंत लोक मले विचारतील, खोली कशी आहे. मी काय सांगू? देवीले ढिवर चालत नाई, कुणबी चालत नाई, माळकरी चालत नाई. मंग चालते कोण?"

सोमाजीने पानाचा देठ खुडला. "बरोबर विचारून राह्यला पोरगा. शेट, तुम्ही तं एकादशी सोडत नाई. तुमच्या पंगतीले बसाले माय लाजणार नाई."

"मले काय होते?" शेठ म्हणाला.

"मंग झोपून दाखवा ना," सोमाजी म्हणाला. "का गादी टोचते?"

माणसे हसली. लच्छूशेठला हसू सहन होत नसे, आणि पुढच्या आषाढात खोली रिकामी राहील ही भीती त्याला हसण्याहून अधिक होती. इस्तारीने बोलणे तिथेच पक्के करून घेतले. शेठने माघी पुनवेपर्यंत त्या खोलीत झोपायचे. चेहरा स्वच्छ राहिला तर इस्तारी आपले धान सोडून निघून जाईल आणि खोली पवित्र असल्याचे गावोगावी सांगेल. सूज आली तर चौघांचे धान परत, आणि इस्तारीची खोली वर्षअखेरपर्यंत विनाभाडे.

"आहे कबूल," शेठ म्हणाला. "सोमाजी साक्षीले."

संध्याकाळी इस्तारीने आपली वळकटी ओसरीवर आणली. खोली सोडताना त्याने झरोक्यातला बोळा काढला आणि खिशात घातला. शेठची गादी कुठे टाकायची हे गड्याने, बिरजूने, विचारले तेव्हा त्याने झरोक्याखालची जागा दाखवली. "इथी बरी हवा लागते," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शेठचे डोळे चोळून लाल झाले. पाचव्या दिवशी नाक आणि गाल यांतली सीमा राहिली नाही. सोमाजी रोज दुकान उघडण्यापूर्वी पाहून जाई आणि ओसरीवर इस्तारीजवळ टेकून म्हणे, "काय बाप्पा, मायनं तुझ्याहून त्याच्यावर जास्तच माया केली."

बोली तर शेठ हरलाच होता, त्यामुळे आता त्याने उठून ओसरीवर येणे शहाणपणाचे होते. पण तो उठू शकला नाही. बायको इंदिराबाई उंबरठ्यावर आडवी झाली. माय आली आहे, अंथरूण हलवायचे नाही. जो नेम शेठने तिघांना सांगितला होता तोच आता त्याच्या घराने त्याच्यावर लावला. भोवती कडुलिंबाचे डहाळे बांधले गेले. दिवसातून दोनदा कडुलिंबाच्या कढत पाण्याने अंग पुसायचे ठरले, म्हणजे पाणी अधिक तापू लागले, आणि सूज अधिक वाढू लागली. इस्तारीने हा संबंध मनात नोंदवला.

कढत पाण्याचा हंडा एकट्या बिरजूला उचलेना तेव्हा इंदिराबाईने मधले दार सताड उघडले. "इस्तारी, ये रे बाबा. शिवाशिव मंग पाहू. हात लाव."

तो अंगणात गेला. झरोक्याच्या बरोबर खाली, भिंतीला टेकून, पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. बिरजू एका फाटक्या थैलीतून काळी टरफले ओंजळीने काढून बंबाच्या नळीत टाकत होता. दाट पिवळट धूर भिंतीला धरून वर चढत होता आणि झरोक्याशी पोचून आत वळत होता.

"हे काय जाळून राह्यला?" इस्तारीने विचारले.

"बिब्याची टरफलं. तेल काढून घेतलेली."

"बिबा जाळते कोणी, बिरजूभाऊ? आमच्याकडं बिब्याचं लाकूडही चुलीत घालत नाई."

"मी म्हणलो शेटले. ते म्हणे, बिब्याचं इख तेलात असते. तेल काढलं का बिबा मेला. लाकूड इकत घ्या लागते, हे फुकट आहे. थंडीत रोज जाळतो आम्ही."

"तुले नाई बाधत?"

"मी पेटवतो न् इहिरीवर जातो. धुरात कोण बसते?"

इस्तारीने बिरजूबरोबर हंडा उचलला, खोलीच्या दारापर्यंत नेऊन ठेवला, आणि ओसरीवर जाऊन रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले. एका वाक्याने तो धूर थांबवता आला असता. तो ते वाक्य बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटल्याचा वास आला, भिंतीपलीकडे शेठ खोकला, इस्तारीने पान उलटले. त्याच्या पुढच्या पहाटेलाही तसेच झाले. त्या पहाटे शेठ ओरडला की त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही. इस्तारीने पुस्तक मिटले, पण उठला तो ऊन ओसरीवर आल्यावरच.

त्याने सोमाजीला हाक मारून आणले आणि दोघे खोलीत गेले.

"शेटजी, बोली झाली होती."

पापण्यांच्या फटीतून काही दिसत नव्हते. शेठने आवाजाकडे तोंड केले. "घेऊन जा धान. सगळ्यांचं घेऊन जा. सोमाजी, कोठीची किल्ली इंदिराजवळ आहे. मायले सांगा आता."

धान पुढच्या ओसरीवर चार राशींत मोजून पडेपर्यंत इस्तारी दुसरे काही बोलला नाही. चौथी रास पडली तेव्हा तो खोलीत परत गेला, खिशातला बोळा ओला केला आणि झरोक्यात घट्ट बसवला.

"हे काय केलं?" शेठने विचारले.

"मायले वाट बंद केली. आता बंबात टरफलं घालू नका."

शेठला समजायला वेळ लागला. "तुले कधीपासून माईत होतं?"

"धूर आहे हे तुम्ही इथी झोपाच्या आधीपासून. बिबा आहे हे परवापासून."

"परवाच सांगतलं असतं तं माहा डोळा..."

"माह्या भावालेही दोन डोळे होते," इस्तारी म्हणाला.

लच्छूशेठची सूज फाल्गुनात उतरली आणि दृष्टीही परत आली. पत्रूची आली नाही. इस्तारी वर्षअखेरपर्यंत मागच्या खोलीत राहिला, आणि परीक्षेला बसला.

कारण असे होते. तेल काढून घेतल्यावरही बिब्याच्या टरफलात दाहक तेलाचा अंश उरतो. ते जाळले की तो अंश धुराबरोबर वर जातो आणि ज्या कातडीवर बसतो ती सुजवतो. लच्छूशेठ सरपणाचे पैसे वाचवण्यासाठी ती टरफले थंडीच्या दिवसांत बंबात जाळत असे, बंब मागच्या खोलीच्या झरोक्याखाली होता, आणि सुजलेल्या माणसाला त्या झरोक्याखालून हलवायचे नाही असा नेम होता. भाडेकरूला अंगणात येण्याची बंदी असल्यामुळे ज्याला धूर लागत होता त्याला बंब दिसत नव्हता, आणि ज्याला बंब दिसत होता त्याला धूर लागत नव्हता.