जॅरडची फाइल

ग्लेनिस वाचनालयात आली ती पुस्तकासाठी नाही. तिने पिशवीतून एक छोटा ई-रीडर काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "थिया, हे मला वाचता येत नाही. माझे डोळे गेलेत की हे यंत्र खुळं आहे, तेवढं सांग."

त्यात तिच्या मुलाच्या मृत्यूच्या चौकशीची फाइल होती. सातशे बारा पानं. जॅरड बावीस वर्षांचा होता. आमच्या गावात, स्टॅन्लीच्या धक्क्यावर, त्याच्या मामाची, म्हणजे ग्लेनिसच्या धाकट्या भावाची, मर्व्हिनची, शेवंडं (लॉब्स्टर) पकडायची बोट होती. तिच्यावर तो कामाला होता. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, शेवंडांचे पिंजरे ओढताना तो पाण्यात पडला आणि तिसऱ्या दिवशी सापडला. मुलाने लाइफ जॅकेट घातलं नव्हतं, बोटीच्या मालकाचा दोष नाही, असा निकाल लागला. ग्लेनिस सुनावणीला गेलीच नव्हती. तेव्हा ती अंथरुणातूनही उठत नव्हती. आता अर्ज करून तिने सगळी फाइल मागवली, तर ती आली पीडीएफमध्ये.

"हे कुणी घेऊन दिलं तुला?" मी विचारलं.

"मर्व्हिनने. म्हणाला, फोनवर वाचून डोळे फोडून घेऊ नकोस, यावर कागदासारखं दिसतं. फाइलही त्यानेच भरली."

कादंबरी वाचायला ते यंत्र उत्तम होतं. पण ही पानं म्हणजे मोठ्या कागदांचे नुसते फोटो होते. अक्षर वाढवता येत नव्हतं, अख्खं पान वाढवावं लागायचं. मग एका पानाचे सहा तुकडे व्हायचे. तुकडा सरकवला की पडदा काळा होऊन पुन्हा उजळायचा, तोवर आधीची ओळ डोक्यातून गेलेली असायची. हाताने लिहिलेली पानं तर राख फासल्यासारखी. तीन आठवड्यांत ती चाळिसाव्या पानापर्यंत पोचली होती.

"डोळे ठीक आहेत तुझे," मी म्हटलं. "शनिवारी बर्नी शहरात जाऊ. फाइल पेन ड्राइव्हवर घेते. दुकानात मांडलेल्या नमुन्यांवर जायचं नाही, आपलंच पान उघडून बघायचं."

दुकानातल्या बाईने आधी मोठा ई-रीडर काढला. डोळ्यांना मऊ, पान पूर्ण मावत होतं, पण सगळं करडं. कुठलाही शिक्का, कुठलीही शाई, एकच रंग. मग दहा इंची टॅब्लेट. रंग आले, पानंही झरझर उलटली, पण हस्ताक्षर अजून मुंगीएवढं. शेवटी तिने तेरा इंची आणला.

"हा जड आहे हं," ती म्हणाली. "हातात धरून वाचत लोळता येणार नाही. पण सिनेमे काय दिसतात यावर!"

"मी टेबलावर ठेवून वाचणार आहे," ग्लेनिस म्हणाली. "माझा मुलगा बुडाला. त्याची फाइल आहे."

बाईने टॅब्लेट तिच्यापुढे सरकवला. ग्लेनिसने मधलंच एक पान उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि कुणा पोलिसाचं गिचमिड अक्षर एका दमात वाचून काढलं. "हाच," ती म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "मर्व्हिनला बोलावलंय. तू येऊन बस. मी काय बोलते ते आणखी कुणीतरी ऐकायला हवं."

मी पोचले तेव्हा मर्व्हिन स्वयंपाकघरात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. चहा कुणी केला नव्हता. टॅब्लेट टेबलावर उघडा होता.

"चारशे अठरावं पान," ग्लेनिस म्हणाली. "बोटीची तपासणी, अपघाताच्या दीड महिना आधीची. पाच जॅकेटं. त्यातल्या तीन जॅकेटांवर बाद म्हणून लाल शाईने काट मारलीय. खाली सही तुझी. बोटीवर माणसं किती असायची, मर्व्ह?"

"चार."

"म्हणजे दोघांना जॅकेट, दोघांना नाही."

"नवीन मागवली होती, ग्लेनी. यायची होती."

"हे चौकशीवाल्यांनीही वाचलं होतं. निकालात लिहिलंय." तिने पान बदललं आणि सावकाश वाचलं, "'जॅकेटं पुरेशी नव्हती हे खरं. परंतु मुलाच्या आईनेच लिहून दिल्याप्रमाणे, तो सांगूनही कधी जॅकेट घालत नसे.' मी हे कधी लिहून दिलं?"

मर्व्हिनने मांडीवरची टोपी टेबलावर ठेवली.

"पाचशे सहावं पान. टाइप केलेलं. सही माझी. तारीख त्याला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशीची. तू याच टेबलावर कागद ठेवलेस. बोटीच्या विम्याचे आहेत म्हणालास."

"विम्यालाही लागले होते ते."

"जॅरड पोहायच्या तलावात जायचा तरी मी त्याच्या दंडाला फुगे बांधायचे, आणि तो सहा वर्षांचा होईपर्यंत काढायचा नाही. तुला माहीत आहे."

"बोट गेली असती," मर्व्हिन म्हणाला. "तीन घरं होती तिच्यावर. तो तर परत येणार नव्हता."

"आणि तो छोटा ई-रीडर? मला हे दिसू नये म्हणून?"

"नाही. शपथेवर सांगतो. समोर दिसला, स्वस्त होता, उचलला. एवढा विचार केला नाही मी."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. ग्लेनिसचाही बसला असावा, कारण तिने टॅब्लेट बंद करून बाजूला सारला. तो टोपी उचलून निघून गेला.

पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. ती सही न वाचता केली होती, ते म्हणणं तिचं नाही, चौकशी पुन्हा व्हावी. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, तेही पीडीएफमध्ये. पत्र फाइलला जोडून घेतलं आहे. सहीबद्दल वाद नसल्याने निकाल बदलण्याचं कारण दिसत नाही.

"न वाचता केलेली सहीसुद्धा सहीच," ती म्हणाली. "बरोबरच आहे त्यांचं. मी वाचायला हवं होतं. एकच तर पान होतं."

मी तिला वकिलाचं नाव दिलं. ती गेली नाही. आमच्या गावात बाईमाणसाला बारमाही काम एकाच ठिकाणी मिळतं, धक्क्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये, आणि ग्लेनिस तिथेच आहे. मर्व्हिनचा माल आला की तो पेट्या उतरवतो, ती जिवंत शेवंडं एकेक करून वजनावर ठेवते आणि आकडा मोठ्याने सांगते. तो लिहून घेतो. दुसरं काही बोलणं होत नाही.