एका घरात एकच

बाई डाळ चढवून जेवणाच्या टेबलावर लिहीत बसल्या होत्या. एक बिंदू घ्यायचा, त्याला एक नियम लावायचा, जो बिंदू येईल त्याला परत तोच नियम. असं करत करत तो कुठं जाऊन स्थिरावतो, की भटकतच राहतो? हे गणित बाईंच्या डोक्यात लग्नाआधीपासून बसलेलं.

"सूनबाई, डाळ करपली!" सासूबाई ओरडल्या.

"आलेच आई, झालंच."

"तुझं झालंच होईपर्यंत मी वर पोचेन."

सर, म्हणजे बाईंचे नवरे, आणि बाई एकाच वर्गात शिकलेले. पदवी सारखीच. पण विद्यापीठाच्या गणित विभागात एक रीत होती. कुठं लिहिलेली नाही, तरी सगळ्यांना पाठ. एका घरात एकच नोकरी. ती सरांना मिळाली. बाई तासावर शिकवायच्या आणि घरी शोध लावायच्या. शोधनिबंध मात्र सरांच्या एकट्याच्या नावानं जायचे.

"दोन सारखी आडनावं दिसली की लोक म्हणतात, बायकोला चिकटवलं," सर म्हणायचे. "तुला कायम जागा मिळू दे, मग सगळं तुझ्या नावानं."

बाईंनी ते खरं मानलं. प्रेम होतं ना, तिथंच सगळी गोची.

सर विभागप्रमुख झाले, रीत मोडणं आता त्यांच्या हातात आलं, आणि जागाही निघाली. वयात बसायची बाईंची ही शेवटची संधी. मुलाखतीला समितीत सरही होते.

"मॅडम, प्रसिद्ध निबंध?"

"माझ्या नावानं एकही नाही."

"बरं, सरांचं ते गाजलेलं प्रमेय तरी समजावाल?"

खडू हातात आला आणि बाई खुलल्या. "दोन वाटा जवळ येतात, पण किती जवळ, तिथं सगळे अडकत होते. म्हणून मी मोजायची पट्टीच बदलली. जागेगणिक वेगळी घेतली."

"मी?" म्हातारे परीक्षक हसले. "सरांनी ना?"

बाईंनी सरांकडं बघितलं.

सर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "टाइप तीच करून द्यायची. त्यामुळं तिला आपलंच वाटतं."

सगळे हसले. जागा दुसऱ्याला गेली.

घरी सर म्हणाले, "अगं, तिथं कसं बोलणार? माझी खुर्ची गेली असती. आणि त्या प्रमेयाचा दुसरा भाग झालाय ना? परिषदेत मांडायचाय."

"झालाय. देणार नाही."

"नवऱ्याचं नाव झालं म्हणजे तुझंच की गं," सासूबाई म्हणाल्या.

"मग आई, माझं झालं असतं तर ते यांचं नसतं का झालं?"



दुसरा भाग बाईंनी गणिताच्या एका नियतकालिकाकडं स्वतःच्या नावानं पाठवला. आयुष्यात पहिल्यांदाच. संपादकांचं उत्तर आलं: हे काम सरांच्या प्रमेयावर उभं आहे, त्यांच्याच पद्धतीचं आहे. हे तुमचं स्वतःचं असल्याचं त्यांनी कळवावं.

 बाईंनी ते पत्र सरांना दाखवलं.

सर वाईट माणूस नाहीत हो. बाईंचं डोकं दुखलं तर अजूनही चहा करून देतात. विचारलं की म्हणतात, "कळवतो गं, बघतो." वर्ष होत आलं. 'हो, हे तिचंच आहे', एवढं काही त्यांच्याकडून लिहून होत नाही. बाईंनी विचारणं सोडलंय. आणि नवीन गणित घेणंही.