ओळंब्याची गाठ

मोतीरामने फ्रेमच्या पाठीला तिसरा खिळा ठोकला आणि फोन वाजला.

"सत्यभामाबाईंचे कोण तुम्ही?"

"नवरा."

पलीकडून दवाखान्यातला माणूस हळू बोलत होता. सकाळपासून बऱ्याच जणांशी हेच बोलून झाल्यासारखा. मोतीराम दोनदा "व्हय" म्हणाला. आधार कार्ड आणा, दोघांनीच या, असं सांगून फोन बंद झाला. त्याने तो टेबलावर पालथा ठेवला. चौथा खिळा राहिला होता. तसाच ठेवला असता तर काच निसटली असती. त्याने तो ठोकला, फ्रेम सुलटी करून काच पुसली. आत पाचोडचा एक मास्तर होता, वय चौतीस. कोरोनाच्या त्या एप्रिलमध्ये दुकानात गेलेल्या माणसांशिवाय दुसऱ्या कसल्या फ्रेमा येतच नव्हत्या. मास्तरचा भाऊ अकराला येणार होता. मोतीरामने फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली, वर नाव लिहिलं, शेजारच्या मेडिकलवाल्याकडे दिली आणि शटर ओढलं.

स्मशानात त्यांना दोरीच्या अलीकडे उभं केलं. सत्यभामा डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली होती.

"तोंड तरी बघू द्या," मेहुणा सोमनाथ म्हणाला.

किट घातलेल्या माणसाने नाही म्हणून मान हलवली.

"तोंड कोणत्या अंगाला हाय?" मोतीरामने विचारलं.

त्या माणसाने हाताने दाखवलं.

आठव्या दिवशी कन्नडहून लेकीचा, सुलेखाचा फोन आला. बस बंद होत्या, तिला येता आलं नव्हतं.

"पप्पा, पुण्यानुमोदनाला मम्मीचा फोटो कोणता ठेवायचा?"

"बघतो."

"लग्नातला नका ठेवू. त्याच्यात मान खाली घातलीय तिनं. काहीच दिसत नाय."

मोतीरामने कपाट उपसलं. गठ्ठाभर फोटो निघाले, सगळे दुसऱ्यांचे. आधार कार्डावरचा फोटो त्याने मोठा करून आणला, तर चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले. इतकी वर्षं लोकांचे चेहरे काचेखाली बसवण्यात गेली. घरचा विषय निघाला की सत्यभामा म्हणायची, "माझा कशाला? उगं एक फ्रेम वाया जाईल." आणि तो हसायचा.

पुण्यानुमोदनाचं बस सुरू झाल्या की बघू, असं त्याने लेकीला कळवलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला कलादालनाचे अभयसर दुकानात आले. समर्थनगरातल्या त्या दालनात दर ऑगस्टला फोटोंचं प्रदर्शन भरायचं. मागच्या वर्षी भरलं नव्हतं.

"मोतीरामभाऊ, यंदा करायचं. पण माणसं आत घ्यायची नाहीत. रस्त्याकडच्या सात काचांमध्ये फोटो बाहेर तोंड करून लावू. लोक फुटपाथवरून बघतील." मग थांबून ते म्हणाले, "तुम्हाला जमेल ना? नाहीतर दुसरं कोणी..."

"दुसरं कोणी नको."

हे काम दोघांचं होतं. मोतीराम भिंतीशी फ्रेम धरून उभा राहायचा. सत्यभामा समोरच्या भिंतीला टेकून सांगायची. वर. अजून. डाव्या अंगानं खाली. बस. 'बस' म्हणताना तिचा उजवा हात वर जायचा. तिने बस म्हटल्यावर त्याने फ्रेम कधी हलवली नव्हती.

पहिल्या वर्षी त्याने सगळ्या फ्रेमा आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावल्या होत्या.

"तुमच्यासारख्या उंटाच्या मापानं लावल्यावर आम्ही बायकांनी काय छत बघायचं?" ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. तिने त्याच्या हातातला ओळंबा घेतला, दोरीच्या टोकाचं लोखंडी वजन जमिनीला टेकवलं आणि आपल्या डोळ्यांसमोर दोरीला गाठ मारली. तेव्हापासून फ्रेमचा मध्य त्या गाठीला. बावीस वर्षं.

दालनात गेल्यावर मोतीरामने ओळंबा काढला तेव्हा अभयसर म्हणाले, "ह्या मापाने चालणार नाही. दालनाचं जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट उंच आहे. ओळ खाली घ्या. ती गाठ सोडा आणि नवीन मारा."

"गाठ सोडायची नाय."

"भाऊ, फोटो लोकांच्या डोक्यावरून जातील."

मोतीरामने ओळंबा खिशात घातला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दालनात शिरलाच नाही. बाहेर फुटपाथवर उभा राहिला, वजन फरशीला टेकवलं, दोरी काचेला लावली. गाठ त्याच्या छातीशी आली. त्याने गुडघे वाकवले आणि डोळे गाठीसमोर येईपर्यंत खाली झाला. काचेतून रिकामं दालन दिसत होतं. तो तसाच राहिला.

एका स्कूटरवाल्याने वेग कमी केला. "क्या चाचा, कमर पकड ली क्या?"

"नाय. माप घेतोय."

सातही काचांवर त्याने खडूने खूण केली. आतून पाहिलं तर ओळ बरोबर दोन फूट खाली आली होती. अभयसर काही विचारायच्या आत तो म्हणाला, "गाठ तीच हाय. जमीन बदलली."

फ्रेम आतून धरायची आणि ती दिसणार बाहेरून, म्हणून सांगायला कोणीतरी रस्त्यावर हवं होतं. दालनात मदतीला येणारी करुणा उभी राहिली. तिचेही दोन फोटो प्रदर्शनात होते. तोंडाला मास्क आणि मध्ये काच, त्यामुळे आवाज येत नव्हता. ती हातानेच दाखवायची. संध्याकाळपर्यंत सहा काचा झाल्या.

सातवी काच दालनाच्या कामातलं जे माणूस गेलं त्याच्यासाठी ठेवली होती. करुणाने जुन्या फोटोंमधून एक शोधून काढला होता.

"काका, काकूंचा एवढाच सापडला. पण पाठमोरा आहे."

सत्यभामा पाठमोरी, केसांचा अंबाडा, उजवा हात वर. पलीकडे भिंतीशी फ्रेम धरलेला मोतीराम, अंधुक.

मोतीरामने फोटो बराच वेळ पाहिला. "ह्यात ती बस म्हणती," तो म्हणाला.

फोटो त्याने रात्री घरी नेला नाही, फ्रेम दुकानातच बसून केली. चार खिळे.

सकाळी त्याने ती काचेशी धरली. रस्त्यावरून सत्यभामाची पाठ दिसणार होती. म्हणजे तोंड आतल्या अंगाला. आतल्या अंगाला हार्डबोर्ड होता आणि चार खिळे.

फ्रेमच्या कडेने त्याला करुणा दिसत होती. तिने हात वर केला. मोतीरामने फ्रेम थोडी वर घेतली. तिने खाली दाखवलं. तो खाली आला. तिने पुन्हा हात वर केला. तो आणखी खाली गेला. मग पुन्हा वर. फ्रेम टांगायच्या तारा छतापासून त्याच्या खांद्याशी लोंबत होत्या.

करुणा रस्ता सोडून दारात आली, मास्क खाली केला.

"काका, मी कधीची बस म्हणतेय. बरोबर खुणेवर होती फ्रेम."

"व्हय?"

"हात वर केला होता ना मी. दिसला नाही का?"

"दिसला," मोतीराम म्हणाला.

त्याने फ्रेम काचेपासून काढली आणि छातीशी धरून उभा राहिला. करुणाने मास्क वर घेतला. मग ती तारा गुंडाळायला लागली, तर तो म्हणाला, "राहू दे."

एकोणीस तारखेला प्रदर्शन सुरू झालं. भाजी आणायला निघालेल्या बायका फुटपाथवर थांबून, मान वर न करता फोटो बघत होत्या. कन्नडच्या बस कधीच सुरू झाल्या आहेत. सुलेखाचा फोन दर रविवारी येतो.

सातव्या काचेवर खडूची खूण आहे. फ्रेम लावायची राहिली आहे. पुण्यानुमोदनही राहिलं आहे.